निरोप जसाच्या तसा

थोरल्यांनी बैठक बोलावली म्हणजे निकाल आधीच लागलेला असतो. बैठक असते ती माना डोलवायला. हे घरातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही जो तो आपलं मत विचारलं जाणार अशा थाटात येऊन बसला होता. थोरल्या काकूंनी तर ठेवणीतले कपडे घातले होते, जणू पुतणीचं कॉलेज बंद करणं हा एखादा समारंभच होता.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस. शटर अर्ध्यावर ओढलेलं. वर घर असताना बैठक खाली चष्म्याच्या दुकानात भरायची, कारण मधले भाऊ वर येत नसत. मागच्या खोलीत काचा घासायचं चाक होतं आणि त्या चाकाशेजारी मधल्यांची खुर्ची, मधल्यांचं ताट, मधल्यांचा रुसवा, असा सगळा संसार होता. दुसरा संसार त्यांनी केलाच नाही. पुढे काउंटर, फ्रेमा लावलेल्या काचेच्या फळ्या, डोळे तपासायची खुर्ची आणि भिंतभर आरसे. ते थोरल्यांचं राज्य. मधे एक मळकट पडदा.

दोघे सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. एके दिवशी मधले बोलायचे थांबले, थोरल्यांनी विचारण्यात कमीपणा मानला, आणि दुकान मात्र दोघांशिवाय चालत नव्हतं. म्हणून मग धाकट्या भावाची शाळकरी मुलगी दप्तर ठेवून पडद्याच्या आतबाहेर करू लागली. थोरले म्हणायचे, सांग त्याला. मधले म्हणायचे, सांग त्याला. ती सांगायची. पाळण्यात असताना तिच्या रडण्यानं शेजारचा घड्याळवाला दुकान उघडं टाकून धावत आला होता, तेव्हापासून तिला सगळे भोंगा म्हणत. बारशाचं नाव आता फक्त कॉलेजच्या हजेरीत उरलं होतं.

कॉलेजात ती जनसंवाद आणि माध्यमं शिकत होती. दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. आज दुपारी तिला कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाचा खास विषय सांगायचा होता: वर्तमानपत्र, जाहिरात की रेडिओ. तिचं रेडिओ ठरलेलं होतं. थोरल्यांचं काउंटर ठरलेलं होतं.

"बोलायला शिकायला कॉलेज!" थोरल्यांनी घसा खाकरून सुरुवात केली. "आम्ही कुठं गेलो होतो बोलायला शिकायला?"

ज्या माणसाला सख्ख्या भावाशी बोलता येत नाही त्यानं हे म्हणावं, आणि कुणी हसू नये, हेच या घराचं वैशिष्ट्य.

"हो ना," भोंगाचे वडील म्हणाले. त्यांना गल्ली होयबा म्हणायची. शेवटी जो बोलला त्याचं त्यांना पटायचं. दुकानाची बाहेरची कामं ते करत, म्हणजे थोरले सांगतील तिथे जात आणि कुणी दुसरं काही सांगितलं की तिकडे जात.

"आणि शिकून काय, तर घरच्यांचे वाभाडे काढायचे," काकू म्हणाल्या. "तेही रेडिओवर."

गुन्हा असा होता. कॉलेजचं स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र होतं आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाला त्यावर एक कार्यक्रम करायचा होता. बाकीच्यांनी वाहतूक, व्यसनमुक्ती, वाचनाची आवड असे कुणालाही न दुखावणारे आणि कुणीही न ऐकणारे विषय घेतले. भोंगानं घरचा घेतला. एक दुकान, दोन भाऊ, एक पडदा, एक मुलगी. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण आवाज दोघांचे हुबेहूब काढले. थोरल्यांचं खाकरणं काढलं, मधल्यांचं अर्ध्यावर सोडलेलं वाक्य काढलं. त्या दुपारी दुकानात रेडिओ लागलेला होता आणि तपासणीच्या खुर्चीत एक वकीलबाई बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की समोरच्या तक्त्यावरची मोठी अक्षरंही त्यांना वाचता येईनात. थोरल्यांनी स्वतःचं खाकरणं ओळखलं आणि रेडिओचं बटण पिरगाळलं. म्हणजे तो कार्यक्रम घरातल्या कुणीच पुरता ऐकला नव्हता. म्हणूनच तर सगळ्यांची मतं इतकी ठाम होती.

"तुम्ही पुढचा भाग ऐकलाच नाही, मोठे काका," भोंगा म्हणाली.

"अर्धा ऐकला तेवढा पुरे झाला."

"त्यात गेटकीपरचा मुद्दा होता. म्हणजे बातमी जिच्या हातातून पुढे जाते ती व्यक्ती काय जाऊ देते आणि काय अडवते..."

"फाटकावर उभं राहायचं शिकवतात होय तिथं?" काकू म्हणाल्या. "मग ते इथं घरबसल्या होईल की."

होयबा हसले. मग मुलीकडे पाहून थांबले. मग काकूंकडे पाहून पुन्हा थोडं हसले.

काकूंना या निकालाची सगळ्यात जास्त घाई होती आणि तिचं कारण त्या कुणाला सांगणार नव्हत्या. भोंगा कॉलेजात जाऊ लागल्यापासून पडद्याच्या आतबाहेर त्यांनाच करावं लागत होतं. दुपारची झोप गेली होती. नवरा बाहेरून ओरडायचा, दीर आतून गुरगुरायचा, आणि आपण या वयात निरोप्या झालो याचा राग त्या निरोपातच कालवून द्यायच्या. थोरले म्हणायचे, काच उद्या हवी. त्या आत जाऊन म्हणायच्या, उद्यापर्यंत जमत नसेल तर फुकट खायचं तरी थांबवा म्हणतात. मग आतून जे उत्तर यायचं त्यालाही त्या चार मिरच्या लावायच्या. पोरगी एकदा काउंटरवर बसली की आपण सुटलो, एवढंच त्यांना हवं होतं. आरशात त्यांनी पदर नीट केला आणि चेहरा दुःखी केला.

"तर ठरलं," थोरले म्हणाले. "उद्यापासून तू दुकानात. पूर्ण वेळ. मला माणूस लागतो. त्यालाही एकदा विचारून घेऊ, नाहीतर म्हणेल मला कुणी विचारत नाही. जा, सांग त्याला, बैठक चालू आहे. निदान आज तरी तोंड बाहेर काढ म्हणावं."

मागच्या खोलीत चाक घरघरत होतं. सुट्टीच्या दिवशी, चाकावर एकही काच नसताना, फक्त बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून मधल्यांनी ते चालू ठेवलं होतं. रुसण्यातही या घराण्याला विजेची फिकीर नव्हती.

भोंगा उठली. पडद्यापाशी गेली आणि वळली.

"सांगते. पण आजपासून निरोप जसाच्या तसा देणार. शब्द गाळणार नाही, घालणार नाही."

"मग आजवर काय करत होतीस?" थोरले म्हणाले.

"ते पुढच्या भागात होतं," असं म्हणून ती आत गेली.

आत मधले खुर्चीत हाताची घडी घालून चाकाकडे बघत बसले होते. पुतणी आत आली की त्यांचा चेहरा सैल पडायचा. त्यांच्या आयुष्यात दिवसभरात आपणहून आत येणारं तेवढंच एक माणूस होतं. ती कॉलेजात जाऊ लागली तेव्हा त्यांनी तिला तोंड भरून शाबासकी दिली होती आणि त्या दिवसापासून तिच्यावर मनातून रागावलेही होते. दोन्ही खरं होतं. माणसाला एकाच वेळी दोन्ही जमतं, विशेषतः या घरातल्या.

"मोठे काका म्हणतात," चाकाच्या आवाजावर भोंगानं आवाज चढवला, "बैठक चालू आहे. निदान आज तरी तोंड बाहेर काढ म्हणावं."

मधल्यांनी मान वर केली. तिच्या तोंडून इतक्या वर्षांत असा निरोप आला नव्हता. ती आणायची ते सगळे 'जमलं तर' आणि 'घाई नाही' या शब्दांनी सुरू व्हायचे.

"असं म्हणाला?"

"असंच. शब्दसुद्धा बदललेला नाही."

"मग त्याला सांग," मधले ओठ आवळून म्हणाले, "मालकानं कारागिराला सुट्टीच्या दिवशी कामाला..."

"वाक्य पुरं करा, मधले काका. अर्धं मी नेणार नाही."

"बोलवायचं नसतं."

ती बाहेर आली. सगळ्यांच्या मधे उभी राहिली आणि मधल्यांच्याच आवाजात म्हणाली, "मालकानं कारागिराला सुट्टीच्या दिवशी कामाला बोलवायचं नसतं."

होयबांनी 'हो' म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं.

"कारागीर?" थोरले म्हणाले. "हा कारागीर कुठून आला मधेच?"

"मधेच नाही. पहिल्यापासून आहे. ते बोलायचे थांबले त्याच दिवशी मला म्हणाले होते, सांग त्याला, कारागीर आज मालकाबरोबर जेवणार नाही. मी बाहेर येऊन सांगितलं, काकांचं पोट दुखतंय. मी केवढीशी होते! मला वाटलं, असं सांगितलं की कुणी ओरडणार नाही."

"मी तर त्याला ओव्याचं पाणी पाठवलं होतं," थोरले हळू आवाजात म्हणाले.

"हो. आणि त्यांनी ते मोरीत ओतलं. मी सांगितलं, प्यायले, बरं वाटतंय."

तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, चीड होती. कॉलेजात बाईंनी पहिल्याच तासाला विचारलं होतं, घरात बातमी कुणाकडून कुणाकडे जाते ते सांगा. बाकीची मुलं आठवत बसली. हिला वाटलं होतं की बाई आपल्या दुकानात येऊन गेल्या असाव्यात. मोठ्या माणसांनी आपापला अहंकार एका पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि ती तो बिनबोभाट वाहत राहिली, हे तिला कळलं तेव्हा ती कॉलेजच्या जिन्यात बसून रडली होती. भोंग्यासारखी नाही, आवाज न करता.

"सांग त्याला," थोरल्यांनी खाकरून राज्य सावरलं, "मी कुणाला कारागीर म्हटलं नाही. आणि ते नवं चाक तुला न विचारता आणलं म्हणून रुसलास ना? ते चाक चांगलंच आहे. बायकांना विचारून खरेदी करायला मी काही वेडा नाही, तर भावाला कशाला विचारू?"

काकूंचा दुःखी चेहरा एकदम दुसऱ्याच कारणानं दुःखी झाला. "काय म्हणालात?"

"तुला नाही. त्याला निरोप आहे."

"पण त्यात मी आहे ना?"

भोंगा तोवर आत जाऊन आली होती. "मधले काका म्हणतात, चाकाचं मला काही नाही, चाक चांगलं आहे. मी फुकटखाऊ आहे असं वहिनींकडून रोज कळवतोस, ते थांबव."

"फुकटखाऊ? मी?" थोरले उठून उभे राहिले. "मी कधी म्हटलं असं?"

सगळे काकूंकडे बघू लागले. चारी बाजूंना आरसे होते, त्यामुळे काकूंना कुठेही बघितलं तरी आपल्याकडे बघणारी माणसंच दिसत होती.

"मी काय करू?" काकू म्हणाल्या. "आत जा, बाहेर ये, आत जा, बाहेर ये. जरा जास्त बोललं गेलं असेल. तुम्ही तरी कुठं गोड बोलता? आणि बायकांना विचारायला वेडा नाही म्हणे! जा, तुमचे निरोप तुम्हीच द्या. माझी साथ नाही तुम्हाला."

"बरोबर आहे वहिनींचं," होयबा म्हणाले.

"तू गप रे, धाकट्या!"

"हो," होयबा म्हणाले.

तेवढ्यात मागचं चाक थांबलं.

इतक्या वर्षांच्या घरघरीनंतर दुकान एकदम रिकामं वाटलं. पडदा हलला आणि मधले पुढच्या दुकानात आले. उजेडाला डोळे मिचकावत ते काउंटरपाशी उभे राहिले. ज्यांनी अर्ध्या शहराला चष्मे लावले त्यांना समोरचा भाऊ नीट दिसायला वेळ लागला. थोरल्यांना मात्र तो लगेच दिसला, आणि हा म्हातारा कधी झाला हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तो त्यांनी बोलून दाखवला असता तर पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं.

"म्हणालास तू," मधले म्हणाले. मुलीला नाही. सरळ भावाला. "त्या जाड भिंगवाल्या हेडमास्तरांसमोर. त्यांनी विचारलं, आत कोण आहे. तू म्हणालास, आमचा कारागीर आहे."

"मी?"

"तू. भाऊ आहे म्हणायला तुझी जीभ..."

या वेळी वाक्य पुरं करायला कुणी सांगितलं नाही.

थोरल्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. हेडमास्तर आठवले, त्यांची फ्रेम आठवली, नंबरसुद्धा आठवला. वाक्य आठवेना. एका माणसानं ज्या वाक्यापायी लग्न केलं नाही, वरचा जिना चढला नाही, सगळं आयुष्य चाकाशेजारी काढलं, ते वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं.

"मला आठवत नाही रे," थोरले म्हणाले. माफी मागायची संधी चालून आली होती, पण त्या रस्त्यानं जायची त्यांना सवय नव्हती. "आणि म्हटलं असेल तर तेव्हाच येऊन का नाही बोललास? तोंड नव्हतं?"

"तू का नाही विचारलंस?"

"मला वाटलं तुझं पोट दुखतंय!"

मग दोघे भांडले. साठवून ठेवलेलं सगळं बाहेर आलं: वडिलांची खुर्ची कुणी घेतली, आईच्या आजारपणात कोण जागलं, कुणी कुणाची सायकल मोडली. शेजारचा घड्याळवाला शटरखालून वाकून बघून गेला. काकूंनी तोंडाला हात लावला होता, पण डोळे चमकत होते. इतकं चांगलं भांडण या घरात त्यांच्या लग्नापासून झालं नव्हतं. भोंगा पडद्याला टेकून ऐकत होती. तिला वाटलं, आपण जिंकलो.

तिथे ती चुकली. भांडून भांडून दोघांचा घसा बसला, आणि दमलेली माणसं नेहमी करतात तेच त्यांनी केलं. दोघांना पटेल असा तिसरा अपराधी शोधला.

"या सगळ्याला ही पोरगी कारण आहे," थोरले म्हणाले. "इकडचं तिकडे नीट सांगितलं असतं तर..."

"पोट दुखतंय म्हणे," मधले म्हणाले. "आणि वर रेडिओवर आपली नक्कल."

"तेच म्हणतो मी. कॉलेज बंद."

"बंदच करायला हवं," मधले म्हणाले. "बरोबर बोललास, दादा."

दादा! तो शब्द ऐकून थोरल्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. दोन भावांचं मनोमीलन झालं, आणि त्यासाठी लागला फक्त एका मुलीच्या शिक्षणाचा बळी. होयबांचीही मान हलू लागली.

थोरल्यांकडून भोंगाला हे अपेक्षितच होतं. मधल्या काकांकडून नव्हतं. ज्यांची कड तिनं लहानपणापासून घेतली त्यांनी समेटाच्या पहिल्या आनंदात तिलाच विकून टाकलं होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते फ्रेमांच्या फळीकडे बघत होते.

भोंगाची आई तपासणीच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलेली होती. धाकटी सून, म्हणून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसायची. दिवसभर परक्या माणसांचे फोन जोडून द्यायची आणि घरी येऊन गप्प राहायची, कारण इथं फोन उचलणारंच कुणी नव्हतं. आज तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"बंद करा, भाऊजी," ती म्हणाली. "पण मला एक सांगा. उद्यापासून ही दुकानात येऊन करणार काय?"

"काय म्हणजे? हेच," थोरले म्हणाले. "निरोप..."

ते थांबले.

"कुणाचे निरोप?" आईनं शांतपणे विचारलं. "तुम्ही दोघं तर मघापासून तोंडानं बोलताय. सगळी गल्ली ऐकतेय. हिला फ्रेम विकता येत नाही, काच घासता येत नाही. हिचं इथं एकच काम होतं आणि ते तुम्हीच आत्ता संपवलंत. का उद्यापासून पुन्हा न बोलायचं ठरलंय?"

पुन्हा न बोलायचं कबूल करावं तर आत्ताचं 'दादा' वाया जाणार. बोलायचं कबूल करावं तर पोरगी हातची जाणार. थोरल्यांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. काकूंनी तोंड फिरवलं, पण आरशातून त्या धाकटीकडे बघून हसल्या. झोप दोन्हीकडून मिळणार होतीच, मग या माणसाची बाजू कशाला घ्यायची?

"पटतं मला हिचं," होयबा म्हणाले. लग्नानंतर बायकोच्या वाट्याला त्यांचं 'हो' पहिल्यांदाच आलं होतं, तेही ती शेवटी बोलली म्हणून. तरी तिनं ते ठेवून घेतलं.

थोरल्यांनी घसा खाकरला. एकदा, पुन्हा एकदा. धाकट्या भावजयीशी वाद घालण्याची त्यांना सवय नव्हती. तिच्या तोंडावर काय बोलायचं हे त्यांना आयुष्यात कधी ठरवावं लागलं नव्हतं. शेवटी जी सवय होती तीच कामाला आली. ते पुतणीकडे वळले.

"सांग तुझ्या आईला..."

भोंगानं पिशवी खांद्याला लावली होती. "आई समोरच बसलीये, मोठे काका. तुम्हीच सांगा."

ती वाकली आणि शटरखालून बाहेर पडली. कॉलेजच्या दिशेनं जाणारी तिची पावलं बाहेरच्या फरशीवर थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

थोरले उभेच होते. समोर हाताच्या अंतरावर भावजय बसली होती, उत्तराची वाट बघत, सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत.

"धाकट्या," थोरले म्हणाले, "तू तरी सांग तुझ्या बायकोला."

"हो," होयबा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.